संगणकीय नकाशा आणि माध्यमिक शाळेतील भूगोल : एक चिकित्सा

माध्यमिक शाळेतील भूगोलाच्या तासाला संगणकीय नकाशा आता नवा राहिलेला नाही. ओपनस्ट्रीटमॅप सन २००४ पासून चालू आहे. गूगल अर्थ सन २००५ मध्ये आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे ‘भुवन’ सन २००९ मध्ये सर्वांस खुले झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने नकाशांवरील पूर्वपरवानगीची बंधनेही बऱ्याच अंशी शिथिल केली. तेव्हा साधनांची वाण आहे, अशी तक्रार आता सरसकट करता येणार नाही. या साधनांविषयी जे लिहिले-बोलले जाते ते मात्र बहुधा दोन टोकांचे असते. एका पक्षास पडद्यावर पृथ्वी फिरू लागली की भूगोल शिकवून झाला असे वाटते. दुसऱ्या पक्षास मुलांच्या हातून पेन्सिल सुटली याचेच दुःख अधिक. दोन्ही पक्ष साधनाचा विचार करतात. नकाशा वाचणे म्हणजे काय, हा मूळ प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, भूगोलाचा नव्हे. तथापि नकाशा ही एक चिन्हव्यवस्था आहे, आणि त्या नात्याने तिचा विचार करण्याचा अधिकार भाषाशास्त्रास आहे असे वाटते. वाक्य म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. बोलणारा काही सांगतो, काही वगळतो आणि सांगितलेल्यास एक क्रम देतो. नकाशाचेही तसेच आहे. काय दाखवावे, किती लहान करून दाखवावे, कोणत्या गटात घालावे आणि कोणत्या नावाने ओळखावे, या निवडी कोणीतरी केलेल्या असतात. त्या निवडी ओळखता येणे म्हणजे नकाशा वाचता येणे. संगणकीय नकाशा या कसोटीवर कसा उतरतो, ते येथे पाहावयाचे आहे.

(१)

प्रथम त्याचे श्रेय त्यास दिले पाहिजे. समोच्च रेषा हा विषय सातवीपासून पुढे पुष्कळ मुलांना रुक्ष वाटतो, कारण कागदावरील वेटोळ्यांतून डोंगर उभा राहत नाही. अलिबागपासून पुण्यापर्यंत पडद्यावर एक रेषा ओढून तिचा उभा छेद काढून दाखवला, तर सह्याद्रीची रचना क्षणात स्पष्ट होते. समुद्रसपाटीपासून निघालेली रेषा कोकणात खाली-वर होत जाते, मग थोडक्या अंतरात उभी चढून लोणावळ्यापाशी सुमारे ६०० मीटरांवर पोहोचते, आणि पुण्याकडे जाताना पुन्हा तेवढी उतरतच नाही. पुणे सुमारे ५६० मीटरांवर आहे. घाटमाथ्याची एक बाजू कडा आहे आणि दुसरी पठार आहे, हे दहा वाक्यांनी जे साधत नाही ते हा छेद साधतो.

काळाचे परिमाण हाही या साधनाचा खरा गुण होय. भीमेवरील उजनी जलाशयाची पावसाळ्यानंतरची आणि मे महिन्यातील उपग्रहचित्रे शेजारी ठेवली, म्हणजे जलाशय ही नकाशावरील कायमची निळी आकृती नसून वर्षभर आकसत-फुगत राहणारी वस्तू आहे, हे ध्यानी येते. पाणी ओसरल्यावर पळसदेव येथील जुने देऊळ उघडे पडते, ही बातमी त्या भागातील मुलांना ठाऊक असते. तिचा भूगोल येथे दिसतो. छापील नकाशास हे शक्य नव्हते.

(२)

परंतु हीच सुलभता प्रमाणाच्या बाबतीत घातक ठरते. छापील नकाशावर प्रमाण लिहिलेले असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर, हा त्या पत्रकाने वाचकाशी केलेला करार असतो. पडद्यावर त्याची जागा ‘झूम’ या शब्दाने घेतली आहे. हा शब्द परका आहे, ही आमची तक्रार नव्हे. परके शब्द भाषेत येतात आणि रुळतात. तक्रार अर्थाची आहे. ‘प्रमाण’ हे नकाशा व भूमी यांमधील नात्याचे नाव आहे, तर ‘झूम’ हे बोटांनी करावयाच्या क्रियेचे. नात्याचे नाव जाऊन क्रियेचे नाव आले की, नात्याचा विचार करण्याची सवयही हळूहळू जाते. बृहत्प्रमाणाच्या नकाशात लहान प्रदेश का मावतो, या जुन्या प्रश्नाशी मुलांची झटापट होते, आणि त्या झटापटीतूनच संकल्पना पक्की होते. पडद्यावर ती झटापटच उरत नाही.

शिवाय पडद्यावरील प्रमाण सर्वत्र सारखेही नसते. बहुतेक संगणकीय नकाशांचा पट मर्केटरने इ. स. १५६९ मध्ये योजलेल्या प्रक्षेपणाच्या एका रूपावर आधारलेला आहे. त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे अंतर फुगत जाते. ओपनस्ट्रीटमॅपच्या नेहमीच्या पटावर जी लांबी कन्याकुमारीपाशी १०० किलोमीटर दाखवते, तीच लांबी तेवढ्याच झूमवर श्रीनगरपाशी सुमारे ८४ किलोमीटर दाखवते. भारत क्षेत्रफळाने ग्रीनलंडच्या सुमारे दीडपट आहे. या पटावर पाहणाऱ्यास ते खरे वाटणार नाही. संगणकावरील गूगलच्या नकाशाने सन २०१८ पासून दूरच्या दृश्यात पृथ्वी गोल दाखवण्यास आरंभ केला, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण दोष झाकला जाणे आणि दोष समजणे यांत अंतर आहे. कोपऱ्यातील रेषाप्रमाण कन्याकुमारीपासून श्रीनगरापर्यंत कसे बदलते, याची नोंद नववीच्या मुलांकडून करविली, तर हाच दोष उत्तम धडा होईल.

(३)

वर्गीकरणाची निवड याहून अधिक लपलेली असते. नववीच्या अभ्यासक्रमात वितरणाचे नकाशे आहेत. त्यांतील क्षेत्रघनी पद्धत संगणकास सर्वांत सोपी. आकडे दिले, कळ दाबली की जिल्हे रंगून येतात. सन २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या लोकसंख्या-घनतेचे उदाहरण घ्या. गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे, तर मुंबई उपनगरात सुमारे २१ हजार. या अंतराचे पाच समान वर्ग पाडण्यास यंत्रास सांगितले, तर प्रत्येक वर्ग सुमारे ४,२०० चा होतो. परिणाम असा की, मुंबई शहर व उपनगर हे दोन जिल्हे गडद रंगात येतात आणि त्या वेळच्या ३५ जिल्ह्यांपैकी उरलेले ३३ एकाच फिक्या रंगात बुडतात. पुणे आणि गडचिरोली एका वर्गात! उलट, प्रत्येक वर्गात सारखेच जिल्हे येतील अशी विभागणी केली, तर त्याच आकड्यांतून पाचही रंग राज्यभर पसरलेला नकाशा निघतो. दोन्ही नकाशांतील एकही आकडा खोटा नाही. तरी ती दोन निरनिराळी विधाने आहेत, आणि कोणते करावयाचे हे करणाऱ्याने ठरवावयाचे असते. हाताने नकाशा रंगवणाऱ्या मुलास वर्ग स्वतः पाडावे लागत. यंत्र ते न विचारता पाडून देते.

(४)

नावांचा प्रश्न भाषाशास्त्राच्या अगदी अंगणातला आहे. रोमन लिपीत लिहिलेले पेण ‘पेन’ असेही वाचता येते. तळा या गावाच्या नावात ट आहे की त, ल आहे की ळ, हे रोमन अक्षरे सांगत नाहीत. नाव रोमनमधून देवनागरीत परत आणताना मूळ उच्चार जाणणारा कोणी मध्ये नसेल, तर चूक होण्याची वाट मोकळीच आहे. ‘खुर्द’ व ‘बुद्रुक’ ही फारसीतून आलेली पदे जोडगावांतील धाकटे-थोरले नाते सांगतात; त्यांची दोन रोमन अक्षरे झाली की ते नाते मुके होते.

याहून गंभीर गोष्ट भूरूपवाचक शब्दांची आहे. मराठीत घाट म्हणजे डोंगरातून जाणारी वाट. युरोपीयांनी तो शब्द सबंध पर्वतरांगेस लावला, आणि आज ‘पश्चिम घाट’ हे नाव आपल्याच लिपीत आपल्याकडे परत आले आहे. आता ते रूढ आहे, ते पुसा असे कोणी म्हणणार नाही. पण आंबा घाट आणि पश्चिम घाट यांतील ‘घाट’ एक नव्हे, हे वर्गात सांगितले पाहिजे. रत्नागिरीच्या मुलाजवळ सडा, कातळ, खाजण, वलाटी, खलाटी असे शब्द आहेत. पडद्यावर सडा म्हणजे एक निनावी तपकिरी डाग. तो सहज ‘ओसाड’ म्हणून वाचला जातो. ज्या कातळशिल्पांना सन २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत स्थान मिळाले, ती अशाच सड्यांवर आहेत. नाव नसलेली जागा रिकामी वाटते, आणि रिकाम्या वाटणाऱ्या जागेचे काहीही करता येते, असा समज होण्यास वेळ लागत नाही.

(५)

हा वाद केवळ वर्गातला नाही. सह्याद्रीच्या संवेदनशील क्षेत्रांविषयी गाडगीळ समितीने सन २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीने सन २०१३ मध्ये अहवाल दिले. पहिलीने क्षेत्रांची विभागणी तालुकावार मांडली. दुसरीने गाव हा घटक धरून सुमारे ३७ टक्के प्रदेश संवेदनशील ठरवला. दोन्हींपाशी उपग्रहचित्रे आणि संगणकीय नकाशे होते. मतभेद यंत्राचा नव्हता, निवडीचा होता. ज्या गावांवरून त्या रेषा गेल्या तेथील माणसास घटक कोणता, प्रमाण कोणते, वर्ग कसे पाडले, हे विचारता आले पाहिजे. ते विचारण्याची विद्या शिकवण्याचे ठिकाण माध्यमिक शाळा हेच आहे.

म्हणून साधन टाकावे असे नाही. त्याचा क्रम बदलावा. आधी शाळेभोवतीचा परिसर पायी फिरून, स्वतःची सूची ठरवून कागदावर काढावा. मग त्याच परिसराचे १:५०,००० चे पत्रक पाहावे. आणि शेवटी पडदा उघडावा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नावासाठी स्वतंत्र रकाना आहे. गावातील वडीलधाऱ्यांकडून माळ, ओढे, खिंडी यांची नावे विचारून, दोघातिघांकडून पडताळून, ती तेथे शुद्ध देवनागरीत भरण्याचे काम दहावीच्या क्षेत्रभेटीस सहज जोडता येईल. त्यात भूगोल आहे, भाषा आहे आणि जबाबदारीही आहे. दहावीच्या क्षेत्रभेटीत एका वाडीवरील ओढ्याचे नाव जरी असे नकाशावर चढले, तरी नकाशा कोणीतरी केलेला असतो, ही गोष्ट त्या मुलांना पुन्हा सांगावी लागणार नाही.