बेचाळीसचे सत्तेचाळीस

मी काही समीक्षक नव्हे. बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेला माणूस. माझे वाचन म्हणजे सर्क्युलरे. पण गेल्या मे महिन्यात एक पुस्तक मी रात्री जागून दोनदा वाचले, आणि त्यावर चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. चिरंजीवांच्या नव्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डाबरोबर, स्क्रूंच्या पुडीसकट, ते फुकट आले होते.

पुस्तक वीररसप्रधान आहे. प्रोसेसरचा वेग म्हणजे शंभर मेगाहर्ट्झ गुणिले एक आकडा. कारखान्याने बेचाळीस लावून दिलेला; तुम्ही सत्तेचाळीस लावा, व्होल्टेज वाढवा आणि निघा! परंपरा जुनीच. आमच्या कॉलेजच्या दिवसांत, १९९८ साली, इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याची बस ६६ वरून १०० केली की तीनशेचा गडी चारशे पन्नासने धावे. तो खरोखर धावे, हीच त्यातली गंमत.

एवढा आवेश, आणि मधेच बारीक टाइपात एक ओळ : नुकसान झाल्यास जबाबदारी तुमची. कर्जाच्या फॉर्मवर आम्हीही अशी ओळ घालतो, पण निदान खाली सही घेतो.

चिरंजीवांनी व्होल्टेज १.२० चे १.३५ केले. उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत, हे त्रैराशिक पुस्तकात कुठेही नाही. मी ते व्हाउचरच्या पाठीवर मांडले. वेग वाढला १२ टक्के, उष्णता सुमारे ४२ टक्के! त्यात साताऱ्याचा मे. खोक्यावर हात ठेवून ही म्हणाली, "अहो, यावर कुरडया वाळतील."

अधूनमधून निळा पडदा येई. त्याचे मला काही वाटले नाही. तो निदान सांगून पडतो. पण कराडच्या आत्याकडून चार दिवसांच्या बोलीवर आणलेला जुना अल्बम आम्ही स्कॅन केला, एका झिप फाइलीत बांधला, सुटे स्कॅन पुसले आणि अल्बम परत केला. आठवड्याने गाठोडे सोडले, तर त्रेसष्टपैकी नऊ फोटो उघडेनात. त्यांत आजोबांच्या खांद्यावर बसलेले माझे वडीलही गेले. यंत्राने बांधताना हूं की चूं केले नव्हते. रोकड चुकीची मोजून गोड हसणारा कॅशियर!

त्या रात्री मी पोराला नको ते बोललो. पैसे माझ्या रजेच्या पगाराचे होते, हेही काढले. तो काही बोलला नाही. त्याने प्राइम९५ नावाची दुसरी कलाकृती लावली. मर्सेनच्या मूळ संख्या शोधण्याची एक मोहीम १९९६ पासून चालू आहे. २०२४ साली तिला सापडलेली संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे. तिच्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम प्रोसेसरला घाम फोडतो आणि त्याचे गणित तपासतो. अकराव्या मिनिटाला पडद्यावर आले : राउंडिंग ०.५ निघाले, ०.४ पेक्षा कमी हवे होते, हार्डवेअरमध्ये दोष.

काय ही शैली! विशेषण नाही, आवेश नाही. रोजकीर्दीत दहा पैशांचा फरक धरणाऱ्या आमच्या जुन्या हेडक्लार्कचीच आठवण झाली.

फरक शोधायचा तर एका वेळी एकच व्हाउचर उलटायचे. पुस्तकात ही रीत नाही. त्यात उतरण्याचा मार्ग एकच, क्लिअर सीमॉस. म्हणजे सगळे केले-सवरलेले पुसून टाका. अजिंक्यताऱ्यावर चढायचा रस्ता दाखवायचा आणि उतरायला कड्यावरून उडी मारा म्हणायचे, असा हा ग्रंथ! चुकले कुठे ते शेवटी कळत नाहीच. आम्ही व्होल्टेजला हात न लावता आकडा उतरवला. सेहेचाळीस, चाळीस मिनिटांत चूक. पंचेचाळीस, पहाटे चारला चूक. चव्वेचाळीसवर मात्र रात्रभर बिनचूक. मग व्होल्टेज एकेक पायरी खाली आणले, आणि प्रत्येक पायरीला पुन्हा एक रात्र. आठवडाभर दोघेही बाहेरच्या खोलीत झोपलो. इतके सलग आम्ही त्याच्या दहावीनंतर बोललो नव्हतो.

बेचाळीसचे चव्वेचाळीस, एवढीच कमाई. पुस्तक माळ्यावर गेले.

रविवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, आत्याआजीला फोन कोण करणार?"

मीच केला. अल्बम पुन्हा हवाय म्हटलं.

पलीकडून आत्या म्हणाली, "का रे? बँकेत सुद्धा असंच दोनदा मोजायला लागतं का तुला?"