होसूर रोडवर बदललेला शब्द

फेब्रुवारी 2004. बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, इन्फोसिसच्या आवारात, नंदन नीलेकणी अमेरिकी स्तंभलेखक थॉमस फ्रीडमन यांच्याशी बोलत होते. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, की खेळाचं मैदान आता समतल केलं जात आहे. 'लेव्हल प्लेइंग फील्ड' हा इंग्रजीतला अगदी रोजचा वाक्प्रचार. निवडणूक आयोगापासून दूरसंचार कंपन्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो, मराठी बातम्यांतही जसाच्या तसा येतो. फ्रीडमन मात्र होसूर रोडवरून धक्के खात शहरात परतताना तो मनात घोळवत राहिले आणि त्यातून 2005 साली 'द वर्ल्ड इज फ्लॅट' हे जगभर खपलेलं पुस्तक आलं. मला त्या पुस्तकापेक्षा नीलेकणींचं बोलणं अधिक मोलाचं वाटतं. त्यातला एकेक शब्द थांबून वाचण्याजोगा आहे.

आधी 'लेव्हल'. मैदान समतल हवं हे कुणाच्या मनात येईल? ज्याने उतारावर खेळून पाहिलंय त्याच्या. लॉर्ड्सचं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. तिथे मैदानाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जवळजवळ अडीच मीटरचा उतार आहे. पॅव्हेलियनच्या टोकाकडून टाकलेला चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताच्या फलंदाजाच्या आत शिरतो, तर नर्सरीच्या टोकाकडून टाकलेला बाहेर निघतो. दिलीप वेंगसरकरांनी याच उतारावर 1979, 1982 आणि 1986 मध्ये ओळीने तीन कसोटी शतकं काढली. पण तिथे उतार दोन्ही संघांच्या वाट्याला सारखाच येतो, म्हणून कुणी अन्याय झाला असं म्हणत नाही. अन्याय होतो तो एकाच संघाला कायम चढाकडे तोंड करून खेळावं लागतं तेव्हा. म्हणजे हा वाक्प्रचार सर्वांना सारख्या धावा मिळतील असं वचन देत नाही. तो एवढंच मागतो, की हार-जीत जमिनीमुळे ठरू नये. ही मागणी फार संयमी आहे आणि तिचं सौंदर्य त्या संयमातच आहे.

'प्लेइंग' या शब्दाकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. मैदान समतल होतं ते खेळणाऱ्यांसाठी, सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्यांसाठी नव्हे. नीलेकणींचा जन्म बंगळुरूचा, शाळेची पुढची वर्षं धारवाडात गेली, 1978 मध्ये ते मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडले आणि 1981 साली पुण्यात सात जणांनी सुरू केलेल्या इन्फोसिसचे एक संस्थापक झाले. धारवाडहून निघालेला मुलगा जगाच्या बाजारात अमेरिकेतल्या अभियंत्याच्या शेजारी उभा राहू शकतो, हा अनुभव त्या वाक्यामागे आहे. म्हणून त्यात बढाई ऐकू येत नाही, मला तरी समाधानच ऐकू येतं. तरीही मैदानात उतरायला आधी इंग्रजी हवी, पदवी हवी. ती मिळवून देणं या वाक्प्रचाराच्या आवाक्यातलं नाही.

आणि क्रियापद? मैदान समतल 'केलं जात आहे'. कोण करतंय, ते वाक्यात नाही. समुद्राखालच्या तारा, स्वस्त झालेले संगणक, आपल्या सरकारने 1991 नंतर सैल केलेले नियम, असे कितीतरी हात त्यामागे होते. याउलट आपल्याकडे पक्षपाती अन्यायाला नाव आहे 'पंक्तिप्रपंच'. तो शब्द उच्चारला की हातात वाढण्याचं भांडं घेऊन पंगतीत फिरणारा माणूस डोळ्यांपुढे येतोच, त्याने कुणाच्या पानात तूप जास्त वाढलं हेही दिसतं. इंग्रजी वाक्प्रचारातला मैदान सारखं करणारा मात्र दिसत नाही. तरी क्रिया चालू आहे, काम अजून संपलेलं नाही, एवढं ते वाक्य प्रामाणिकपणे सांगतं.

फ्रीडमन यांनी नेमकं हेच गमावलं. 'समतल केलं जात आहे' याचं त्यांनी 'सपाट आहे' केलं. खेळ गेला, नियम गेले, पंच गेला, चालू असलेलं काम गेलं. उरला जगाचा नकाशा. पुस्तकाचं नाव म्हणून ते ठसठशीत आहे हे मान्य. पण मराठी कानाला 'सपाट' म्हटलं की 'भुईसपाट'ही ऐकू येतं, आणि त्या वर्षांत अमेरिकेतल्या अनेक कुटुंबांना तेच ऐकू आलं असणार. कारण तेव्हाच तिकडच्या बोलण्यात बंगळुरूच्या नावाचं क्रियापद झालं. 'बँगलोर्ड' होणं म्हणजे आपली नोकरी भारतात गेल्यामुळे घरी बसणं. गावाचं नाव असं दुसऱ्याच्या दुःखाला चिकटावं, याचं मला वाईट वाटतं. त्या गावातल्या तरुणांनी कष्टच केले होते.

मे 2009 मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी करव्यवस्थेवर बोलताना तक्रार केली, की न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत रोजगार निर्माण करणाऱ्यापेक्षा बंगळुरूत करणाऱ्याला कमी कर भरावा लागतो. बफेलोच्या बाजूने पाहताना त्यांनाही मैदान उतरतंच दिसत होतं, आणि तो उतार बंगळुरूकडे होता.