छोट्या पडद्यावरचा नकार

आवडत्या मालिकांच्या याद्या करणे हा पांढरपेशा वर्गाचा जुना विरंगुळा आहे. ‘हम लोग’, ‘बुनियाद’, ‘ये जो है जिंदगी’, ‘मालगुडी डेज’, ‘वागले की दुनिया’ ही नावे ठरल्यासारखी येतात आणि त्यांच्यामागून ‘तेव्हाचे दूरदर्शन किती सोज्वळ होते’ हा उसासाही येतो. या नावांशी माझे वैर नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. आमच्या वस्तीत पहिला संच आला तेव्हापासून मी जे दिसेल ते बघत आलो आहे, आणि बरेचसे प्रेमाने बघितले आहे. प्रश्न नावांचा नाही, कसोटीचा आहे. या मालिकांतले अंगण कोण झाडतो, मैला कोण उचलतो, मेलेले ढोर कोण ओढतो, हे विचारण्याची गरज त्या याद्यांना कधी वाटली नाही. ज्याच्या श्रमावर गोष्टीतले जग उभे आहे त्याला ‘नाही’ म्हणायला त्या गोष्टीत जागा आहे काय? एवढीच माझी कसोटी. तिच्यावर घासली की यादी फार आखूड होते.

तिच्यात पहिले नाव ‘सद्गती’चे. ही मालिका नव्हे. सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी केलेला हा तासाभराहून लहान चित्रपट. दुखी चमार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला घासीराम पंडिताकडे जातो. पंडित त्याला कामाला जुंपतो. अंगण झाड, भुसा वाहा, लाकडाचा ओंडका फोड. तापाने फणफणलेला, उपाशी दुखी त्या ओंडक्याशी झुंजत मरतो. ओम पुरी, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांचा अभिनय इथे वेगळा सांगायला नको.

आपल्याकडचे काही मित्र म्हणतात, हा दयेचा चित्रपट आहे. दुखी बंड करीत नाही, मुकाट मरतो, तेव्हा ही सवर्णांची करुणा आपल्याला काय कामाची? आक्षेप खोटा नाही. दुखीच्या मनात धर्माचा धाक इतका खोल रुजला आहे की आपल्यावर अन्याय होतो आहे हेही त्याला कळत नाही. पण आक्षेप घेणारे दुखीच्या मरणापाशीच थांबतात. खरा चित्रपट त्यानंतर सुरू होतो. एक गोंड चमारवाड्यात जाऊन बजावतो की प्रेताला हात लावू नका, पोलीस येतील. आणि कोणीही येत नाही. पंडिताच्या दारात, पाण्याच्या वाटेवर प्रेत पडून राहते. अखेर पहाटेच्या अंधारात, कोणी पाहत नाही अशा वेळी, पंडित स्वतः दोरीचा फास टाकून ते ओढत नेतो आणि मेलेली जनावरे टाकतात तिथे टाकतो.

हे दृश्य नीट पाहिले पाहिजे. मेलेले ओढणे हे काम वर्णव्यवस्थेने ज्याच्या माथी मारले, त्याने हात आखडता घेताच ते काम ब्राह्मणाच्या हातात येते. महाराष्ट्रात १९२७ च्या महाड परिषदेनंतर ज्या गावांनी ढोरे ओढणे सोडले, त्या गावांतल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. चमारवाड्याचा नकार भीतीतून आला, जाणिवेतून नव्हे, हे खरे. तरीही त्याने पंडिताला वाकवले. नंतर तो गंगाजल शिंपडतो, स्नान करतो. व्यवस्था स्वतःला धुऊन घेते. राय यांनी तेही लपवलेले नाही.

गोविंद निहलानी यांची ‘तमस’ (१९८८) माझ्या यादीत आहे, पण तक्रारीसह. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची ही मालिका. इथेही ओम पुरीच, इथेही तो चमारच. मुराद अली नथूच्या हातावर पाच रुपये ठेवून त्याच्याकडून डुक्कर मारून घेतो. ते मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. नथूला ‘नाही’ म्हणायचे होते. हे काम आपण कधी केले नाही, असे तो सांगूनही बघतो. ठेकेदारीच्या जगात त्याच्या नाहीला पाच रुपयांइतकीच किंमत! मालिका बंद पाडण्यासाठी लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. भांडण झाले ते हिंदू आणि मुसलमान कसे दाखवले यावर. फाळणीच्या आगीतली पहिली काडी चमाराच्या हातात कोणी दिली, यावर फारसे कोणी भांडले नाही.

‘नुक्कड’ (१९८६) मला मनापासून आवडते. वीजमिस्त्री गुरू, सायकलवाला हरी, दारुडा खोपडी ही आमचीच माणसे वाटतात. पण ती काम सांगतात, जात सांगत नाहीत. नाक्यावर सगळे गरीब सारखेच, अशी त्या मालिकेची भाबडी समजूत आहे. नाक्यावर राहिलेला माणूस अशी समजूत करून घेणार नाही.

आता एक नाव वाचकांना खटकेल. ‘रामायण’. रामानंद सागरांची ही मालिका जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ चालली. तिच्यातल्या भडक भक्तीशी माझे काही देणेघेणे नाही. यादीत तिचे प्रेक्षक आहेत. मालिका उत्तरकांडाशिवाय संपणार असे कळले तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला आणि तो उत्तरेतल्या आणखी शहरांत पसरला. स्वतःला वाल्मीकी म्हणवणाऱ्या या समाजाला आपल्या गुरूची कथा पडद्यावर हवी होती. कचऱ्याचे ढीग साचले तसे सरकार हलले आणि पुढचे भाग निघाले. एखाद्या मालिकेचा शेवट झाडूवाल्यांनी बदलल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. ज्या कांडात वाल्मीकींचा आश्रम आहे त्याच कांडात शंबूकाचा वध आहे, ही त्या विजयातली बोचणारी गोष्ट. तरी काम थांबवले की दिल्ली ऐकते, एवढे त्या माणसांनी सिद्ध केले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हीच मालिका पुन्हा दाखवली गेली. देश घरात बसून ती पाहत होता तेव्हा सफाई कामगार रस्त्यावरच होता.

श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’मध्ये सदाशिव अमरापूरकरांनी जोतीराव उभे केले. पुढे २०१४ मध्ये बेनेगलांनीच राज्यसभा टीव्हीसाठी दहा भागांची ‘संविधान’ केली. तिच्यात सचिन खेडेकरांचे बाबासाहेब सभागृहात उभे राहून मुद्दे मांडतात, खोडतात, उत्तरे देतात. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर आलेली बाबासाहेबांवरची मालिका आमच्या घरी एक दिवस चुकली नाही. पण तिच्या नावातच ‘गौरवगाथा’ आहे, आणि गौरव करताना युक्तिवाद मागे पडतो. मला वाद घालणारे बाबासाहेब अधिक जवळचे वाटतात.

वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना यातले एकच काही दाखवायचे असेल तर ‘सद्गती’ दाखवावी. दुखीच्या मरणापाशी पडदा थांबवून मुलांना विचारावे, आता हे प्रेत कोण उचलणार? मग पुढचे दाखवावे.