अनुबोधपट-महोत्सवाचे भित्तिपत्रक : लक्षणेचा एक प्रश्न

अनुबोधपटांच्या महोत्सवासाठी भित्तिपत्रकांची स्पर्धा भरविली जाते, तेव्हा रीळ, कॅमेरा आणि भिंग हीच सामग्री चित्रांत पुनःपुन्हा दिसते. याचा दोष चित्रकाराच्या कल्पनादारिद्र्यावर टाकून मोकळे होता येईल. परंतु मूळ प्रश्न अर्थव्यापाराचा आहे, आणि म्हणूनच तो भाषेच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो.

मम्मटाने लक्षणेची दोन निमित्ते सांगितली : रूढी व प्रयोजन. 'कुशल' म्हणजे मूळचा कुश तोडणारा. आज तो शब्द उच्चारताना त्या गवताचे स्मरण कोणासही होत नाही. ही रूढी. उलट, 'गंगेवर गवळीवाडा' असे म्हटले असता वाडा तीरावर आहे एवढेच कळून थांबत नाही. तेथील शैत्य व पावित्र्यही प्रतीत होते. हे प्रयोजन. चित्रातील रीळ आता 'कुशल' शब्दाच्या पंक्तीस बसले आहे. चित्रण बहुधा फितीविना होऊ लागले, तरी चिन्ह उरले. ते चटकन कळते हा त्याचा गुण खरा; पण त्यातून कळते ते केवळ 'चित्रपट' एवढेच.

येथे भाषाशास्त्रातील प्रतिस्थापनाची कसोटी लावून पाहावी. पत्रकावरील 'अनुबोधपट' हा शब्द काढून त्या जागी 'कथापट' लिहावा. चित्राने त्यास काहीच हरकत घेतली नाही, तर चित्र मुळात काही बोलतच नव्हते असे समजावे. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० मध्ये सुरू केला. २०२२ मध्ये ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, तरी महोत्सव चालू राहिला. अशा महोत्सवाचे वेगळेपण वास्तवाशी असलेल्या बांधिलकीत आहे, यंत्रसामग्रीत नव्हे.

यावर एक आक्षेप संभवतो. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'कल्याण खजिना' (१९२४) या मूकपटासाठी काढलेले भित्तिपत्रक त्या एका कथेपुरते होते. महोत्सवात मात्र शेकडो चित्रपट असतात, तेव्हा सर्वसामान्य चिन्हावाचून गत्यंतर काय? याचे उत्तर एका निराळ्या खुल्या स्पर्धेत सापडते. स्वच्छ भारत अभियानाचे २०१४ मधील बोधचिन्ह कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांनी रेखाटले. त्यात ना झाडू आहे, ना कचराकुंडी. आहे तो गांधीजींचा चष्मा, आणि त्याच्या दोन काचांवर 'स्वच्छ' व 'भारत' हे दोन शब्द. वस्तू अगदी विशिष्ट, पण कोणीतरी आपणांकडे पाहत आहे हा भाव सर्वांस लागू पडणारा. अभियानाच्या फलिताविषयी मतभेद असू शकतील. चिन्हातील लक्षणा मात्र सप्रयोजन आहे, हे मान्य करावे लागेल.

मात्र विशिष्ट वस्तू निवडली म्हणजे काम भागले असे नव्हे. हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे कापसाच्या मुलखातले गाव. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा विषय दीपा भाटिया यांच्या 'निरोज् गेस्ट्स' (२००९) या अनुबोधपटात आला आहे. आता महोत्सवाच्या पत्रकावर भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावलेला शेतकरी काढला, तर प्रतिस्थापनाच्या कसोटीस ते चित्र कदाचित उतरेलही; पण तीही एक रूढीच होय, आणि रिळाच्या रूढीहून अधिक घातक. रीळ मुके असते. हे चित्र मात्र जित्याजागत्या माणसांविषयी खोटे बोलते. अल्लीपूरच्या वाचकाने ते पाहिले, तर त्यात त्याला आपले गाव दिसणार नाही, आपल्याविषयीचा शहराचा समज तेवढा दिसेल. ज्या कलाप्रकाराने असे समज तपासून पाहावयाचे, त्याच्याच दारावर ते टांगणे हा वदतोव्याघात आहे.

सारांश, परीक्षकांनी रेषा व रंग यांच्या आधी दोन प्रश्न विचारावेत. हे चित्र कथापटाच्या महोत्सवास चालेल काय? आणि ज्यांच्याविषयी ते आहे, त्यांस ते पटेल काय? पहिल्याचे उत्तर नकारार्थी व दुसऱ्याचे होकारार्थी आले, तरच पुढील गुणांचा विचार करणे सार्थ ठरेल.