रबरी बदकाचे रसग्रहण

निवृत्तीनंतर माणसाने काय व्हावे, याबद्दल आमच्या सोसायटीत निरनिराळी मते आहेत. कुणी योगासनांचा वर्ग काढतो, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आणि ज्याला दोन्ही जमत नाही तो सकाळी बागेत बसून सरकारला सल्ला देतो. मी रबरी बदक झालो आहे.

दचकू नका, हा रीतसर हुद्दा आहे. आमचे भाचेराव पुण्यातल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितात आणि आठवड्यातले तीन दिवस आमच्या बैठकीच्या खोलीत बसून लिहितात. त्यांच्या धंद्यात अशी वहिवाट आहे, की प्रोग्रॅम चालेनासा झाला म्हणजे टेबलावर एक रबरी बदक ठेवायचे आणि आपण काय लिहिले आहे ते त्याला ओळीओळीने समजावून सांगायचे. निम्म्यात आल्यावर सांगणाऱ्यालाच आपली चूक दिसते. हन्ट आणि टॉमस या जोडीच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या १९९९ सालच्या पुस्तकाने ही बदकविद्या जगभर नेली. भाच्याकडे बदक नव्हते. मामा होता.

"मामा, तू फक्त ऐकायचंस. मधे बोलायचं नाही," असे त्याने पहिल्याच दिवशी बजावले. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ही अट मला मुळीच जड गेली नाही.

पण मी पूर्वाश्रमीचा पुस्तक-परीक्षक. बँकेतली नोकरी सांभाळून एका मासिकात वीस वर्षे परीक्षणे लिहिली. भाचा कामाच्या मधेमधे त्याच्या मित्रमंडळींच्या गप्पा मोठ्याने वाचून दाखवतो, एकटाच हसतो आणि मग मला विनोद समजावतो. समोर एवढे वाङ्मय रोज पडत असताना गप्प बसणे परीक्षकाच्या हाडात नसते. तेव्हा प्रोग्रॅमर लोकांच्या गप्पा या वाङ्मयप्रकाराचे हे अल्पसे रसग्रहण.

या वाङ्मयाचा स्थायिभाव 'चालत नाही' हा आहे. सकाळी कुणीतरी "चालत नाहीये" म्हणतो आणि प्रयोगाचा पडदा वर जातो. लगेच दुसरे पात्र प्रवेश करते. त्याचे वाक्य ठरलेले: "माझ्याकडे तर चालतंय." हे पात्र आपल्याला परके नाही. नळाला पाणी नाही म्हणून आपण बादली घेऊन जिन्यात उभे असताना "आमच्याकडे आलंय की!" म्हणणारे शेजारी ते हेच. तिसरा मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगतो. ते चालू होते. का चालू झाले हे कुणालाच कळत नाही, आणि म्हणूनच उद्याच्या प्रयोगाला कथानक मिळते.

भाषेबद्दल सांगायचे तर शुद्धतेच्या पुरस्कर्त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. इथे बिल्ड फुटतो, सर्व्हर झोपतो, स्क्रीन लटकते आणि ब्रँचला मर्ज मारला जातो. एकदा भाचा फोनवर कुणाला तरी म्हणाला, "आधी चाइल्ड मारायला हवा होतास. आता तो ऑर्फन झाला." आमची ही कोथिंबीर निवडत होती. तिने जुडी खाली ठेवली आणि मला आत बोलावून विचारले, "अहो, हा नक्की कंपनीतच जातो ना?" एका प्रोग्रॅमने जन्माला घातलेला दुसरा प्रोग्रॅम म्हणजे चाइल्ड, आणि जन्मदाता आधी बंद पडला तर मागे राहतो तो ऑर्फन, हे तिला समजावेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. तरी माझे मत विचाराल तर ही भाषा जिवंत आहे. नाम साहेबाचे असले तरी फुटणे, झोपणे आणि लटकणे आपलेच आहे.

आता या वाङ्मयातला वीररस. ओळ आत सरकवायची असेल तर टॅबची कळ दाबायची की रिकाम्या जागा सोडायच्या, यावर हे शांत, शाकाहारी तरुण असे तुटून पडतात की पानिपत बरे. मला प्रथम हसू आले, मग १९६२ आठवले. त्या साली सरकारने शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य केले आणि घराघरांतले अनुस्वार गेले. आमचे एक मास्तर त्यानंतरही डोक्यावर टिंबे देत राहिले, नवी पुस्तके हातात धरीनात. तेव्हा हसण्याचा हक्क आपल्याला नाही.

या मंडळींतही शहाणे लोक आहेत. संगणकात संख्या साठवताना तिचे मोठे टोक आधी ठेवायचे की धाकटे, यावर अशीच जुंपली होती, तेव्हा डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी धर्मयुद्धे थांबवण्याची विनंती करणारे एक टिपण लिहिले. दोन्ही पक्षांची नावे त्यांनी 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधून, म्हणजे थेट १७२६ सालातून उचलली. त्या पुस्तकात अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून राज्ये लढतात. मुद्दा एवढाच होता, की कुठलेही टोक चालेल, पण सगळ्यांनी एकच धरावे. भाच्याने हे सांगितले तेव्हा बदकाने नियम मोडून विचारले, "आपण पंचवीस म्हणताना पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, ते रे कसं चालतं?" भाचा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. त्या दिवसापासून मला अधूनमधून बोलायची परवानगी आहे.

हास्यरसात मात्र मी या मंडळींना वरचा क्रमांक देईन, कारण ते विनोद अर्ध्यावर सोडत नाहीत. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या गंभीर कागदपत्रांच्या मालिकेत १ एप्रिल १९९० रोजी एक कागद निघाला: कबुतरांच्या पायाला बांधून संदेश कसा पाठवावा. आपल्याकडे एवढ्यावर टाळ्या घेऊन लेखक खाली बसला असता. पण २००१ साली नॉर्वेतल्या बर्गन गावी काही उत्साही लोकांनी खरोखरच कबुतरे उडवली. नऊ संदेश पाठवले, चारांची उत्तरे आली, आणि सर्वांत चपळ उत्तरालासुद्धा पाऊण तासाहून जास्त वेळ लागला. मेघदूतात तर पोच आल्याचाही उल्लेख नाही, त्या मानाने हा निकाल उत्तमच.

त्यांच्या विनोदाची एक अडचण मात्र खरी आहे. लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ च्या सप्टेंबरात कुणीतरी संगणकावरच्या सूचनाफलकावर गमतीने लिहिले, की लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काही लोकांना ते खरेच वाटले. तेव्हा १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी तोडगा सुचवला: थट्टा केली असेल तर आधी अपूर्णविराम, मग आडवी रेघ, मग कंस बंद. मान वाकडी करून पाहिले की हसरा चेहरा! व्याकरणातल्या तीन कोरड्या चिन्हांनी एवढे काम केल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

इथवर स्तुती झाली. परीक्षणात शेवटी 'तथापि' यावा लागतो, तो आता येतो.

या वाङ्मयातला मोठा दोष म्हणजे नवख्याची गय नाही. कुणी साधा प्रश्न विचारला तर "आधी माहितीपुस्तिका वाच" असे उत्तर मिळते, आणि तेही पुष्कळदा शिवी घालून. १९९२ च्या जानेवारीत ॲमस्टरडॅमच्या टॅननबाउम या नामवंत प्राध्यापकांनी हेलसिंकीच्या २२ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सची लिनक्स प्रणाली कालबाह्य ठरवली आणि तू माझा विद्यार्थी असतास तर या आराखड्याला बरे गुण मिळाले नसते, असेही ऐकवले. तो पोरगा डगमगला नाही. आज प्रत्येक ॲन्ड्रॉइड फोनच्या पोटात त्याचेच लिनक्स आहे. पण पुढे हेच टोरवाल्ड्स स्वतः इतरांच्या कामाची अशी सालटी काढू लागले, की सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर क्षमा मागितली आणि माणसांच्या भावना समजून घेण्यासाठी काही दिवस सुटी घेतली.

सुटी घेणारा परीक्षक मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला, आणि तेव्हा माझ्या घशाशी काहीतरी आले.

कारण १९८६ साली माझ्याकडे एका तालुक्याच्या गावच्या शिक्षकाचा कवितासंग्रह आला होता. स्वतःच्या पैशाने छापलेला. मी चार ओळींचे परीक्षण लिहिले. त्यातली चौथी ओळ अशी होती, की संग्रहाचा कागद उत्तम असून दुसऱ्या बाजूने कोरा ठेवला असता तर उपयोगी पडला असता. संपादकांनी पाठ थोपटली. बँकेतल्या मित्रांनी चहा पाजला. त्या कवीचा दुसरा संग्रह माझ्या पाहण्यात आला नाही. त्याच्या कविता फार चांगल्या नव्हत्या. पण दोन बऱ्या होत्या, आणि ते मी लिहिले नाही. लिहिले असते तर चौथी ओळ तितकी खुलली नसती.

परवा रात्री भाचा काम घेऊन बसला होता. या लोकांत प्रत्येकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासायचे असते, म्हणजे रोजच परीक्षण. किरकोळ आक्षेप असेल तर आधी 'निट' असा शब्द लिहायचा. निट म्हणजे उवेचे अंडे, आपली लीख. लिखाणातल्या लिखा काढणे ही समीक्षेची याहून नेमकी व्याख्या आमच्या थोर टीकाकारांनाही सुचली नाही. तर समोर नव्याने लागलेल्या एका मुलीचे काम होते, आणि ते बरेच चुकले होते. भाच्याने एक वाक्य टाइप केले आणि खूश होऊन मला वाचून दाखवले.

"'हे लिहिताना डोकं घरी ठेवलं होतं का?' कसंय मामा?"

"ती घरूनच काम करते ना? मग डोकं घरीच असणार," मी म्हणालो. तो हसला. मग मी त्याला कवीची गोष्ट सांगितली. चौथ्या ओळीसकट. ओळ ऐकून तो आधी मोठ्याने हसला आणि नंतर हसायचा थांबला.

"पुढे काय झालं त्यांचं?"

"माहीत नाही. तेच तर."

त्याने ते वाक्य खोडले. मग एकेक चूक, ती का चूक आहे आणि कशी सुधारावी ते लिहीत बसला. चार ठिकाणी 'निट' लिहिले, एका ठिकाणी 'हे छान जमलंय' लिहिले. ते खरेच छान जमले होते, असे तो म्हणाला. मला त्यातले काही कळत नाही. रात्री साडेअकराला त्या मुलीचे उत्तर आले: अपूर्णविराम, आडवी रेघ, कंस बंद.

तो संग्रह माझ्याकडे अजून आहे. मलपृष्ठावर पत्ता आहे. त्या दोन कवितांबद्दल एक पत्र लिहायला घेतले आहे. इतक्या वर्षांनी ते पोचेल का, असे ही विचारते. मी म्हणतो, कबुतरांच्या हातीसुद्धा नवातली चार पोचली होती.