मुक्या जिवाची ठेव

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी आली कीं, कुत्रें-मांजर पाळणाऱ्या घरांत एक प्रश्न हटकून उभा राहतो: आपण परगांवीं गेल्यावर याला कोणाच्या हवालीं करावें? प्रश्न दिसावयास अगदीं घरगुती आहे; परंतु होमर आणि कालिदास या दोघांही महाकवींनीं तो आपापल्या परीनें हाताळला आहे. दोघांचें म्हणणें शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्यास रसास्वादाबरोबर थोडें व्यवहारज्ञानही पदरीं पडतें.

‘ओडिसी’च्या १७ व्या सर्गांतील आर्गोस कुत्र्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. २० वर्षांनीं ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषानें आपल्या वाड्याशीं येतो. दारासमोर शेणा-लिदीच्या ढिगावर गोचिडांनीं भरलेला म्हातारा कुत्रा पडलेला असतो. तो धन्याला ओळखतो, शेपूट हालवितो. पण जवळ येण्याइतकें त्राण त्याच्या अंगीं उरलेलें नसतें. धनी कोणाला न कळूं देतां डोळे पुसतो आणि थोड्याच वेळांत कुत्रा प्राण सोडतो. हें वाचून आपण कुत्र्याच्या इमानाची स्तुति करितों. ती योग्यच आहे. पण त्या स्तुतींत एक प्रश्न बुडून जातो. हा कुत्रा या दशेला आला कसा?

दारिद्र्यानें नव्हे, घर राजाचें होतें. त्या घरांत जनावरांविषयीं माया नव्हती असेंही म्हणवत नाहीं. राणी पेनेलोपीनें २० हंस पाळले होते आणि त्यांना गहूं खातांना पाहून तिचें मन रमे, असें १९ व्या सर्गांत तीच सांगते. याहून नवल असें कीं, त्याच धन्याचीं डुकरें त्याच काळांत उत्तम सांभाळलीं गेलीं. यूमेअस नांवाच्या राखणदारानें धन्यामागें स्वतः कुंपण घालून १२ गोठे बांधले, प्रत्येकांत ५० माद्या ठेविल्या. आणि थंडीवाऱ्याच्या रात्रीं ऊब सोडून तो नरांच्या राखणीसाठीं बाहेर निजावयास जातो.

फरक एवढाच कीं, डुकरें एका माणसाच्या अंगावर होतीं आणि आर्गोस कोणाच्याच नव्हता. ओडिसियसनें निघतांना सगळें घर मेंटर या मित्राच्या हवालीं केलें होतें. ‘सगळें घर’ म्हटल्यावर कुत्राही त्यांत आलाच, असें कोणीही म्हणेल. आणि घोटाळा तेथेंच झाला. तरुण मंडळी त्याला शिकारीस नेत तोंवर तो सर्वांचा होता. म्हातारा झाल्यावर कोणाचाच उरला नाहीं. धनी दूर गेला कीं चाकर कामांत कुचराई करितात, असें निदान यूमेअस करितो. तें अपुरें आहे. कारण तो स्वतःही चाकरच आहे.

आतां ‘शाकुंतला’चा चौथा अंक पाहावा. त्याची कीर्ति करुणरसाबद्दल आहे. पण अश्रु ढाळीत असतांही शकुंतला काय काय करिते? वनज्योत्स्ना वेल ती दोघी सख्यांच्या हातीं सोंपविते, आणि त्या वेळीं कवि तिच्या तोंडीं ‘निक्षेप’ हा शब्द घालतो. मनुस्मृतींतील अठरा व्यवहारपदांपैकीं एकाचें हेंच नांव आहे. गाभण हरिणी सुखरूप व्याली म्हणजे ती वार्ता मला कळवा, असें ती कण्वांना विनविते आणि त्यांच्याकडून विसरणार नाहीं असें वचन घेते. पदर ओढणाऱ्या पोरक्या पाडसाला ती सांगते कीं, यापुढें बाबा तुझी काळजी घेतील. त्याच्याच आधींच्या श्लोकांत कण्वांनीं त्या पाडसाची हकीकत सांगितली आहे: कुशाग्रानें तोंड चिरल्यावर कोणतें तेल लाविलें, कोणतें धान्य मूठमूठ भरवून वाढविलें. ज्याच्या हातीं ठेव जाते, त्याला तिचें खाणें-दुखणें आधींच पाठ आहे! करुणरसाच्या भरांत कवीनें तीन अटी पुऱ्या केल्या: ठरलेला माणूस, त्याची माहिती, आणि वार्तेचें वचन.

आश्रमांतील गोष्ट शहरांत कशी चालावी, असें कोणी म्हणेल. शहरांत कायदा आहे. दिवसा गुरांची जबाबदारी गुराख्याची आणि रात्रीं तीं धन्याच्या घरीं असल्यास धन्याची, अशी वांटणी मनूनें केलीच होती. भारतीय करार-कायद्याचें (१८७२) १५१ वें कलमही, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी ठेव घेणाऱ्यानें घ्यावी, असें सांगतें. पण कायदा नुकसानभरपाई देतो. जीव देत नाहीं. शिवाय ही ठेव मुकी आहे. आपले चार दिवस कसे गेले याची साक्ष तिला देतां येत नाहीं.

आज मोठ्या शहरांत पैसे घेऊन कुत्रीं-मांजरें सांभाळणारीं ठिकाणें आहेत. शेजारी आणि आप्तही आहेत. यांपैकीं कोणाकडेही जातांना जागा केवढी, दर काय, हें अवश्य विचारावें. परंतु त्याआधीं विचारावें कीं, याला सांभाळणारा माणूस नेमका कोण, याच्या आजारपणाची आणि खोडींची त्याला माहिती आहे काय, आणि रोज तो आम्हांला कळवील काय? ‘घरांत सगळे आहेत, कोणीतरी पाहील,’ हें उत्तर मिळाल्यास आर्गोसची आठवण ठेवावी. त्याच्याही घरांत सगळे होते.