गोष्ट इथली, पडदा परका

सातारा-सांगलीच्या सिनेमाचा शोध घ्यायचा, तर आधी गाव सोडून गेलेल्यांपासून सुरुवात करावी लागते. राजा परांजपे मिरजेचे. ग. दि. माडगूळकर आटपाडीकडच्या शेटफळ्याचे, मॅट्रिकला गणिताने अडवलेले. दोघेही आधी कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत घडले आणि १९५२ साली 'लाखाची गोष्ट'मध्ये एक दिग्दर्शक, दुसरा लेखक म्हणून एकत्र दिसले. फिल्म इन्स्टिट्यूट तेव्हा नव्हतीच, ती १९६० ची. कंपनीत पडेल ते काम करत शिकायचं, हीच शाळा. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मुंबईला गेले. त्यांच्या कादंबऱ्यांवर 'वैजयंता', 'फकिरा' निघाले, वारणाकाठची माणसं पडद्यावर आली. कॅमेरा मात्र दुसऱ्यांच्या हाती होता.

पुढे कॅमेराच इथे आला. कृष्णाकाठच्या वाईने 'गंगाजल'मध्ये बिहारचं सोंग घेतलं. 'स्वदेस' (२००४) आणि 'दबंग' (२०१०) मध्ये उत्तर प्रदेशचं. चित्रीकरणाने स्थानिकांना रोजगार दिला, वाडे-घाट भाड्याने गेले. पण इतक्या वर्षांच्या या वर्दळीतून वाईची स्वतःची गोष्ट सांगणारे दिग्दर्शक तयार झाले नाहीत, ही मला मोठी उणीव वाटते. गर्दीत उभं राहून चित्रपट करता येत नाही. त्यासाठी कथा, संकलन, ध्वनी हाताळायला मिळावं लागतं.

म्हणून तासगाव तालुक्यातल्या शेखर बापू रणखांबे यांचं काम महत्त्वाचं. ते लघुपटांतून पुढे आले. त्यांच्या 'रेखा'ला ६९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. रस्त्याकडेला राहणाऱ्या, त्वचारोगाने हैराण झालेल्या बाईला आंघोळ करायची आहे, एवढीच त्याची गोष्ट. आपल्याकडचे बहुतेक नवे दिग्दर्शक एकांकिकेच्या तालमीतून येतात. संवादावर त्यांची पकड असते, आणि तीच अडचणही होते: पात्रं बोलत राहतात, चौकट रिकामी राहते. 'रेखा'ची गोष्ट मात्र बाईच्या देहावर आणि पाण्यावर उभी आहे. ती संवादांनी सांगून भागणारी नव्हती.

पूर्ण लांबीच्या चित्रपटांत इस्लामपूरकडचा 'तेंडल्या' (२०२३) आणि माणदेशातल्या पळशीचं नाव मिरवणारा 'पळशीची पीटी' (२०१९) आठवतात. खेळाचं वेड दोन्हींत आहे, आणि गावाची बोली कुठेही माफी न मागता येते. हे मला फार आवडतं.

पण पहिला चित्रपट करून झाल्यावर काय? सरकारी अनुदान आहे, 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख. ते मिळतं चित्रपट पूर्ण झाल्यावर. तोवर पैसा घरचा, मित्रांचा, उसना. शिरूरकडच्या भाऊराव कऱ्हाडेंनी 'ख्वाडा'साठी जमीन विकली, याचं आपण कौतुक करतो. मला त्या कौतुकाची भीती वाटते. जमीन एकदाच विकता येते, आणि ज्याच्याकडे ती मुळातच नाही त्याने काय विकायचं?

निर्मितीचा प्रश्न मोठा आहे, दाखवण्याचा त्या मानाने सोपा. सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर आहे, साताऱ्यात शाहू कला मंदिर. रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालयं तालुक्या-तालुक्यांत आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ, तिकीट लावून, इथल्या मुलांचे लघुपट दाखवायचे आणि नंतर दिग्दर्शकाला समोर बसवून प्रश्न विचारायचे. तिकिटाचे पैसे त्याच रात्री त्याच्या हातात द्यायचे.